शनिवारवाड्याच्या भूतफेऱ्या काढणाऱ्यांस खुले पत्र

शनिवारवाड्याभोवती रात्रीच्या ‘हाँटेड पुणे’ फेऱ्या काढणारे आयोजक, त्यांचे वाटाडे आणि दिल्ली दरवाजासमोर उभं राहून रील करणारी मंडळी यांस,

स.न.वि.वि.

तुमचा धंदा बरा चालला आहे, हे मला माझ्या खिडकीतून दिसतं. मी शनिवार पेठेत राहते. रात्री साडेदहाच्या सुमारास पंधरा-वीस जणांचा घोळका वाड्याच्या तटाला वळसा घालून आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबतो. वाटाडा आवाज खाली आणतो, सगळ्यांना मोबाइलचे दिवे बंद करायला लावतो, आणि मग त्याच्या पाठपिशवीतल्या ब्लूटूथ स्पीकरमधून लहान मुलाच्या आवाजात किंकाळी येते, ‘काका, मला वाचवा!’ कुणीतरी ओरडतं, बाकीचे हसतात, गल्लीतली कुत्री भुंकायला लागतात आणि घोळका पुढच्या दरवाजाकडे सरकतो.

झोपमोडीची तक्रार म्हणून हे पत्र नाही. पेठेत राहायचं आणि आवाजाला भ्यायचं, हे जमत नाही. गणपतीचे दहा दिवस आम्ही काढतोच की. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. गेल्या वर्षी नातवाने शाळेसाठी शनिवारवाड्यावर प्रकल्प केला. त्यात लिहिलं होतं, ‘गारदी ही एक शिकारी जमात होती. त्यांनी १३ वर्षांच्या नारायणराव राजपुत्राला अमावस्येच्या रात्री मारले.’ दोन वाक्यांत किती चुका बसवता येतात, याचा तो नमुनाच होता. विचारलं, कुठून घेतलंस? तर म्हणाला, ‘आजी, टूरवाल्या दादाने सांगितलं, आणि रीलमध्येपण तेच आहे.’ प्रकल्पाला गुण चांगले मिळाले. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. शाळेशी काय बोलायचं ते मी बोलले आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझं भुताशी भांडण नाही. भुतं नसतात हे मला माहीत आहे, आणि भुताच्या गोष्टी असतात हेही माहीत आहे. माझी आजी या गोष्टींची खाण होती. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, धनावर बसलेला समंध, रात्री वाट चुकवणारा चकवा, पाण्यातला गिऱ्हा, अशी तिची सगळी जातवार यादी तयार असे. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा. वासना किंवा धन मागे राहिलं तो समंध. काका रघुनाथरावांच्या कटात शनिवारवाड्यातच मारल्या गेलेल्या नारायणराव पेशव्याला ती यातल्या कशातच बसवत नसे. लग्न झालेलं, म्हणजे मुंजा नाही. बायकोला दिवस गेलेले, म्हणजे निपुत्रिक नाही. मग तो का ओरडतो? आजी म्हणायची, ‘तो काकाला हाक मारतो. ज्याने केलं त्याला झोप लागू नये म्हणून. आपल्याला कशाला भ्यायचं? आपण का त्याचे काका?’

तुमच्या सगळ्या फेऱ्यांमध्ये मिळून जेवढं शहाणपण नाही तेवढं त्या एका प्रश्नात होतं.

आणि ही काही एकट्या आजीची कल्पना नव्हे. नारायणरावाच्या भुताची जुनी आख्यायिका आहे ती दुसऱ्या बाजीरावाची. दुसरा बाजीराव म्हणजे रघुनाथरावांचा, त्याच काकाचा, मुलगा. १७९६मध्ये गादीवर आला. नारायणरावाचा समंध त्याच्या मागे लागला होता, असं त्या काळापासून बोललं जायचं आणि इंग्रज लेखकांनी ते टिपूनही ठेवलं. शांती करवल्या, दानधर्म केला, ब्राह्मणभोजनं घातली, पुण्याभोवती आमराया लावल्या, ते या प्रायश्चित्तापोटी, असं सांगतात. खरंखोटं बाजूला ठेवा. गोष्टीची चाल बघा. भूत वाटसरूला धरत नाही. ज्या घराला त्या खुनाचा लाभ झाला त्या घराच्या उंबऱ्यावर ते जाऊन बसतं, आणि बाप गेला तर मुलाला हिशेब विचारतं. पेशवाईत उघड बोलायची सोय नव्हती तेव्हा लोक हे असं बोलत. बाजीरावाच्या तोंडावर ‘तुझ्या बापाने पुतण्याला मारलं’ असं कोण म्हणणार? पण ‘श्रीमंतांना समंधाची बाधा आहे’ असं कुजबुजायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

राज्यकर्त्यांच्या मागे लागलेलं हे भूत तुम्ही तिकीट काढून आलेल्या आयटीवाल्या पोरांच्या मागे लावून दिलंत. माझी मुख्य तक्रार ती आहे. बाकीच्या तिच्या पोटातल्या.

पहिली, वेळेची. तुमच्यातले काही पौर्णिमा सांगतात, काही अमावस्या. आपसांत तरी एकदा ठरवून घ्या. नारायणरावांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ला, शके १६९५ भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. म्हणजे वाड्यात गणपती बसलेला, उत्सव चाललेला, माणसांची वर्दळ. आणि वेळ रात्रीची नव्हतीच. दुपार होती, जेवणं झाल्यानंतरची. राज्याच्या प्रमुखाला त्याच्या स्वतःच्या वाड्यात, भर उत्सवात, दिवसाढवळ्या कापून काढलं. याहून भयंकर काय हवं? काळोख तुम्ही पदरचा घातलात, आणि तो घातल्याबरोबर गुन्हा अंधारात कुणीतरी केलेला, कुणी न पाहिलेला होऊन बसला. प्रत्यक्षात पाहणारे पुष्कळ होते.

उलट इशाराही मिळाला होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ सांगतो की त्या सकाळी नारायणरावांना गडबडीची कुणकुण लागली होती आणि त्यांनी आपले सरदार हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंतांना एका आप्ताकडे जेवणाचं आमंत्रण होतं. जेवून येऊन बघू, असं त्यांनी ठरवलं. फेरीत हे सांगा. पुणेकरांच्या अंगावर किंकाळीपेक्षा याने जास्त काटा येईल.

दुसरी, वयाची. नारायणरावांचा जन्म १० ऑगस्ट १७५५चा. मेले तेव्हा नुकती १८ वर्षं पूर्ण झालेली. त्यांचे भाऊ थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ला थेऊरला वारले, त्यानंतर हे पेशवे झाले. राज्य मिळालं जेमतेम नऊ महिने. कोवळे होते हे खरं, पण राजपुत्र नव्हते. छत्रपती साताऱ्याला होते, पेशवे त्यांचे प्रधान. स्वभावाने तापट, माणसं दुखावणारे, आणि काकांना वाड्यातच नजरकैदेत ठेवणारे राज्यकर्ते होते. तुमच्या स्पीकरमधलं बाळ ऐकलं की यातलं काहीच विचारावंसं वाटत नाही. बाळाचा खून म्हणजे नुसतं क्रौर्य, त्यात राजकारण कुठलं?

आता गारद्यांचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमचा सगळ्यात मोठा अपराध हा आहे. ‘गारदी ही भिल्लांसारखी शिकारी टोळी होती’ हे वाक्य इंटरनेटवर कुणी पहिल्यांदा टाकलं कोण जाणे, पण आता ते सगळ्यांच्या तोंडी आहे. गारदी ही जमात नव्हे. गारदी म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने कवायत शिकलेलं, बंदूकधारी, पगारी पायदळ. पानिपतावर १७६१मध्ये सदाशिवरावभाऊंच्या बाजूने लढताना ज्याने शर्थ केली तो इब्राहिमखान गारदी याच पेशाचा. वाड्यात घुसले त्यांचे म्होरके सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ. आणि रघुनाथरावांचा खास माणूस तुळाजी पवार त्यांच्यासोबत. नावांवरूनच कळेल की यात एक जात नाही, एक धर्म नाही. हे लोक जंगलातून आले नव्हते, ते सरकारी नोकर होते. वाड्यात शिरताना त्यांनी ओरडा केला तो थकलेल्या पगाराचा. पगाराची तक्रार खरी, तिच्या आड शिजवलेला कट वेगळा.

म्हणजे बघा, तुमच्या गोष्टीत ‘रानटी टोळी’ येऊन राजपुत्राला मारते. मूळ गोष्टीत राज्याची स्वतःची, कवायती, पगार थकलेली फौज सत्तेच्या दावेदाराकडून विकत घेतली जाते. पहिली गोष्ट ऐकून श्रोता कुठल्या तरी आदिवासी समाजाविषयी मनात अढी घेऊन घरी जातो. माझा नातू तेच घेऊन आला होता. दुसरी ऐकली असती तर त्याने विचारलं असतं, ‘पगार का थकला होता?’ त्याचं उत्तर द्यायला मला संध्याकाळ पुरली नसती.

रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंबद्दल काय सांगू? तुमच्या प्रत्येक फेरीत ‘ध’चा ‘मा’ होतोच. गारद्यांना दिलेल्या हुकुमाच्या चिठ्ठीत ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं ते आनंदीबाईंनी, असा सर्वसाधारण समज आहे हे ग्रँट डफने १८२६मध्ये नोंदवलं, म्हणजे घटनेनंतर अर्धशतकाने, आणि समज म्हणूनच नोंदवलं. ती चिठ्ठी आज कुणी दाखवू शकत नाही. बाईंनी अक्षर बदललं असेलही. मी वकीलपत्र घेतलेलं नाही. पण चिठ्ठी कुणाची, हुकूम कुणाचा, फायदा कुणाचा? धरायचा तरी हुकूम रघुनाथरावांनीच दिला होता ना? पेशव्याला कैद करण्याचा हुकूम म्हणजे बंडच. ते सगळं विसरून एका बाईच्या लेखणीवर खापर फोडलं की दादासाहेब, म्हणजे रघुनाथराव, अलगद सुटतात, ‘बिचारे, त्यांना कुठे माहीत होतं’. गेल्या महिन्यात तुमच्यातल्या एकाने रीलमध्ये आनंदीबाईंना हिरवी साडी नेसवून, केस मोकळे सोडून, हडळ करून टाकलं. खुनी काका माणूसच राहिले, बाई मात्र भूत झाली. वा!

आणि चापाजी टिळेकर? हे नाव तुमच्या किती वाटाड्यांनी ऐकलं आहे? नारायणराव धावत जाऊन काकांच्या कमरेला बिलगले तेव्हा आडवा पडलेला हा हुजऱ्या. धन्यासोबत तो तिथेच तोडला गेला. इच्छारामपंत ढेरे मारले गेले. त्या दुपारी आणखीही नोकरमाणसं मारली गेली, ज्यांचा ना गादीशी संबंध ना भाऊबंदकीशी. त्यांच्यापैकी कुणीही अमावस्येला ओरडत नाही. भूत व्हायलाही पेशवेच असावं लागतं की काय, असा प्रश्न मला पडतो. वाड्यात एखादी हाक खरंच घुमत असती तर ती आधी चापाजीची घुमायला हवी होती.

मस्तानी, सवाई माधवराव, १८२८ची आग, यांचं तुम्ही जे कडबोळं करता त्याबद्दल फार लिहीत नाही. सवाई माधवराव, म्हणजे नारायणरावांचा मुलगा, वरच्या मजल्यावरून पडले ते २५ ऑक्टोबर १७९५ला, बावीस वर्षांनंतर, आणि दोन दिवसांनी गेले. वाडा जळला २७ फेब्रुवारी १८२८ला. तेव्हा पेशवाई जाऊन दहा वर्षं झाली होती आणि वाडा इंग्रजांच्या ताब्यात होता. त्याला ‘शाप’ म्हणायचंच असेल तर म्हणा, पण मग एवढंही सांगा की त्या आगीत लाकडी महाल गेले आणि आज उरले आहेत ते तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना आणि आतली जोती. ‘याच भिंतीवर रक्ताचे डाग होते’ असं बोट दाखवायला भिंत शिल्लकच नाही.

यापुढचं मात्र तुम्ही सांगतच नाही, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. तुमची फेरी किंकाळीपाशी संपते. पेशव्याचा खून झाला, मारणाराच पेशवा झाला, आणि दरबारातल्या एका न्यायाधीशाने चौकशी केली. रामशास्त्री प्रभुणे. त्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवलं आणि सांगितलं, याला देहान्त प्रायश्चित्त. राज्याच्या सर्वोच्च माणसाला, त्याच्याच नोकरीत असलेल्या न्यायाधीशाने. आणि मग ते पुणं सोडून वाईजवळ पांडववाडीला निघून गेले. पुढे नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके वगैरे मंडळींनी रघुनाथरावांविरुद्ध बारभाईंचं कारस्थान उभं केलं, नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित ठेवलं, आणि १८ एप्रिल १७७४ला मुलगा झाला तेव्हा ४० दिवसांच्या त्या मुलाच्या नावाने पेशवाईची वस्त्रं आणली. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. ६ मार्च १७७५चा सुरतेचा तह झाला. फौजेच्या बदल्यात साष्टी आणि वसई द्यायचं कबूल केलं. त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. रघुनाथरावांचा मुलगा दुसरा बाजीराव ३१ डिसेंबर १८०२ला पुन्हा इंग्रजांशीच तह करतो, तोही वसईलाच, आणि १७ नोव्हेंबर १८१७ला याच शनिवारवाड्यावर बाळाजीपंत नातू इंग्रजांचं निशाण चढवतो. एका दुपारच्या खुनातून निघालेली वाट तिथवर येते. थरार हवा ना तुमच्या गिऱ्हाइकाला? हा घ्या.

मध्यंतरी एका वाटाड्याला गाठून मी हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. मुलगा सभ्य होता. म्हणाला, ‘मॅडम, लोकांना हिस्ट्री नको असते, हॉरर हवा असतो.’ मला हे पटत नाही. वाड्यापासून चालत दहा मिनिटांच्या आत ओंकारेश्वराजवळचा पूल आहे. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी तिथे अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्या पुलावर कुणी भूत फिरवलं नाही. तिथे वर्षानुवर्षं दर महिन्याच्या २० तारखेला माणसं जमली, हातात फलक धरून, आणि विचारत राहिली, खुनी कोण, सूत्रधार कोण. १० मे २०२४ला निकाल लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. सूत्रधाराचा प्रश्न विचारणारे अजूनही आहेत. म्हणजे पुण्याच्या लोकांना खुनाचा हिशेब विचारायला आवडत नाही, असं नाही. तुम्ही त्यांना विचारू देत नाही, एवढंच.

मागण्या साध्या आहेत.

तो स्पीकर बंद करा. रात्रीच्या फेऱ्या बंद करा असं मी म्हणत नाही. पोट भरायचा हक्क तुम्हाला आहे आणि रात्रीचा वाडा दिसतोही देखणा. पण लहान मुलाची किंकाळी वाजवून अठरा वर्षांच्या पेशव्याचं बाहुलं करू नका.

‘गारदी म्हणजे जमात’ हे वाक्य आजपासून कुणाच्याही तोंडी येता कामा नये. ज्यांच्या रीलमध्ये ते आहे त्यांनी ते काढावं, आणि जमलं तर दुरुस्ती टाकावी. आनंदीबाईंबद्दल बोलायचं तर ‘असा आरोप आहे’ असं बोला. चापाजी टिळेकरांचं नाव प्रत्येक फेरीत घ्या. गोष्ट रामशास्त्रींपर्यंत न्या. त्याआधी संपवू नका. भूत सांगायचंच असेल तर बाजीरावाच्या मागे लागलेलं सांगा, ते जास्त जुनं आहे आणि जास्त रंगतं.

वाड्याची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्या पुरातत्त्व खात्यालाही या निमित्ताने विनंती आहे. आतल्या जोत्याजवळ, लोकांची नजर जाईल अशा जागी, ३० ऑगस्ट १७७३च्या दुपारी कोण कोण मेलं त्यांची नावं ठळक मराठीत लावा. नावं जेवढी कागदोपत्री सापडतात तेवढीच, एकही पदरची नको. पैसे कमी पडले तर पेठेतून वर्गणी काढून देऊ. वर्गणी काढण्याचा आम्हाला सराव आहे.

आणि शेवटची मागणी तुमच्यातल्या होतकरू वाटाड्यांकडे. येत्या ३० ऑगस्टला भर दुपारी दोन वाजता, उन्हात, एक फेरी काढा. तिकीट लावा, माझी हरकत नाही. मी कागद घेऊन येईन, तासभर बोलेन, मानधन नको. किती लोक येतात ते बघू. आले नाहीत तर मी तुमचं म्हणणं मान्य करीन आणि पुढच्या पत्रात तसं लिहीन.

कळावे,
आपली,
शनिवार पेठेतील एक निवृत्त इतिहास शिक्षिका